अवघड वेळेचे वागणे : प्रस्तावना

मनुष्याच्या सामाजिक व्यवहाराचा बराच मोठा भाग असा आहे की, त्यात कसे वागावे याचे शिक्षण त्याला न मागताच मिळत असते. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करावा, पंगतीत सर्वांची पाने वाढून झाल्यावाचून घास उचलू नये, दारी आलेल्यास आधी पाण्याचा तांब्या द्यावा आणि मग काम विचारावे, या गोष्टी मूल घरात वावरता वावरता शिकते, आणि त्यात ते चुकले तर कोणीतरी डोळे वटारून ती चूक जागच्या जागी दुरुस्त करतो. परंतु उसने दिलेले पैसे परत मागावयास आपण ज्याच्याकडे गेलो, त्याच्या घरी मोठे आजारपण आलेले आहे हे उंबऱ्याशी पोचल्यावर कळले, तर तोंड कसे उघडावे. लग्नाच्या मांडवात मानकऱ्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात असता एका जवळच्या नातलगाचे नाव राहून गेले आणि तो समोरच्याच रांगेत बसलेला आहे, तर ती चूक कोणी व कशी सावरावी. पस्तिशी उलटून गेलेल्या व लग्न न जमलेल्या मुलाला 'यंदा तरी लाडू देतोस ना?' असे भर बैठकीत कोणी विचारले, तर शेजारी बसलेल्याने काय करावे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही घरात पद्धतशीर दिली जात नाहीत. मनुष्य अशा वेळी गांगरतो, काहीतरी बोलून जातो, आणि त्या एका वाक्याने पडलेली तेढ कधी कधी दोन पिढ्या पुरते. या अवघड वेळांचे वागणे हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय जुजबी आहे, असे समजणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या मते मन शुद्ध असले म्हणजे वागणे आपोआप शुद्ध होते, आणि रीतिभाती हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय. हे मत मला मान्य नाही. मनाने अत्यंत निर्मळ असलेली माणसे दुःखाच्या घरी जाऊन नको ते बोलतात, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. निर्मळ मनाला मार्ग दाखविणारे काही ज्ञान लागते, आणि ते ज्ञान शिकण्यासारखे व शिकविण्यासारखे आहे. त्या ज्ञानाचे सार मला एका वाक्यात सांगता येते. अवघड प्रसंग उद्भवला की त्यातील संकोच कोणाच्या तरी वाट्याला यावयाचाच असतो, तो समूळ नाहीसा करता येत नाही. तेव्हा त्या घडीला ज्याची बाजू अधिक भक्कम असेल, त्याने तो आपल्याकडे घ्यावा. घेणेकऱ्याने देणेकऱ्याचा, यजमानाने पाहुण्याचा, साहेबाने अर्जदाराचा, सुखात असलेल्याने दुःखात असलेल्याचा संकोच उचलावा. आपल्याकडे ज्याला मानपान म्हणतात, त्याची रीत नेमकी याच्या उलट असते. तेथे बलवान पक्ष आपला हक्क वसूल करतो आणि दुबळा पक्ष ओशाळून उभा राहतो. मुलीच्या बापाने हात जोडून उभे राहावे आणि वरपक्षाने पाट कोणी मांडला, विहिणीचे पाय कोणी धुतले याची चौकशी करावी, या प्रकाराला शिष्टाचाराचे नाव देणे हा शिष्टाचाराचा अपमान आहे, असे मी समजतो.

या पुस्तकाचे लेखन कळवणला झाले, आणि त्याची छाया त्यावर पडली आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील हा तालुका गिरणेच्या उगमाकडचा. पश्चिमेकडे चणकापूरच्या धरणापलीकडील डोंगरात कोकणा व भिल्ल समाजाची गावे, पूर्वेकडे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या नावांच्या आद्याक्षरांवरून कसमादे म्हणून ओळखला जाणारा कांद्याचा बागायती मुलूख, आणि तालुक्याच्या हद्दीतच सप्तशृंगीचा गड. गावच्या रस्त्यावर अहिराणी वळणाची बोली कानी पडते, डोंगरातून उतरणाऱ्यांची कोकणा बोली वेगळी, आणि कचेरीत गेले की अर्जाची मराठी तिसरीच. आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात, बाजार समितीच्या आवारात आणि एस. टी. च्या थांब्यावर ही सगळी माणसे एकमेकांना रोज भेटतात, आणि एकाचा रिवाज दुसऱ्याला ठाऊक नसल्यामुळे अवघड प्रसंगांना येथे तोटा नाही. एक दाखला देतो. डोंगरातील कित्येक समाजांत लग्नाच्या वेळी मुलाकडून मुलीच्या घरी देज देण्याची चाल आहे. द्रव्य मुलाच्या घरून मुलीच्या घरी जाते. अशा घरच्या बापाला 'मुलीला हुंडा किती द्यावा लागला?' असे सहानुभूतीच्या स्वरात विचारणारा मनुष्य भला असतो, पण त्याच्या प्रश्नाने समोरच्याचा सगळा व्यवहार उलटा ठरतो आणि उत्तर देणाऱ्याला आपल्या चालीची कैफियत द्यावी लागते.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटीस जाण्याला दारावर जाणे म्हणतात. अशा एका बैठकीत मी जे पाहिले, त्याचे बयान येथे करणे आवश्यक वाटते, कारण या पुस्तकातील विचाराला दिशा तेथून मिळाली. ओट्यापुढे ताडपत्री अंथरलेली होती. पुरुष बाहेर, बाया आत. गावोगावच्या जीपगाड्या येत होत्या. आलेली मंडळी दुःखाच्या घरचा दस्तूर पाळून राम राम न घालता मुकाट बसत, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातील कोणीतरी गेलेल्याच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला विचारी, 'कसं काय झालं?' प्रश्न आपुलकीचाच होता. पण तो मुलगा सकाळपासून तेच सांगत होता, आणि दर वेळी गाडी वणीच्या पुढे गेल्यानंतरच्या एका विशिष्ट वाक्याशी येऊन त्याचा आवाज थांबत होता. दूरच्या नात्यातील एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात बसले होते. ते उठून त्या मुलाच्या शेजारी येऊन बसले. पुढची गाडी आली, तोच प्रश्न आला, तेव्हा मुलाने तोंड उघडण्यापूर्वी ते म्हणाले, 'रात्री छातीत कळ आली, नाशिकला नेत होतो, वाटेतच गेले.' एवढेच. मग त्याच दमात त्यांनी पाहुण्यांना कुठून निघालात, परतायला उशीर होईल का, अशी विचारपूस सुरू केली, आणि मुलाकडे वळून सहज स्वरात सांगितले, 'पोरा, जनावरांना पाणी दाखवून ये बरं.' जनावरांना पाणी पाजायला घरात दुसरी चार माणसे होती. पण त्या एका वाक्याने मुलाला सर्वांदेखत उठण्याचे सबळ कारण मिळाले, कोणाचाही अनादर झाला नाही, आणि तो गोठ्याच्या आडोशाला जाऊन घटकाभर एकटा बसू शकला. त्या गृहस्थांनी शिष्टाचारावरचे एकही पुस्तक वाचले नसेल. तरीही पुस्तकांनी जे सांगावयाचे, ते सर्व त्या तीन वाक्यांत होते : प्रश्नाचा भार आपण घेणे, बोलण्याचा विषय वळविणे, आणि ज्याला सुटका हवी त्याला ती मागावी न लागता देणे.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार नव्हता असे नाही; तो निरनिराळ्या मुखांनी झालेला आहे, आणि त्या प्रवाहांची ओळख नवख्या वाचकाला करून देणे येथे उचित होईल. सर्वांत जुना प्रवाह आचाराचा. गृह्यसूत्रांनी पाहुण्याला आसन, पाद्य, मधुपर्क कोणत्या क्रमाने द्यावा हे ठरवून दिले, स्मृतींनी कोणी कोणाला आधी वंदन करावे याची तपशीलवार व्यवस्था लावली. त्यातील पुष्कळसा भाग वर्णांची उतरंड सांभाळण्यासाठी रचलेला आहे आणि आज तो टाकून देण्याच्याच योग्यतेचा आहे. परंतु त्याच वाङ्मयात तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू घरी परतणाऱ्या शिष्याला दानाविषयी जे सांगतो, ते फार वेगळ्या पातळीवरचे आहे : दान करणाऱ्याने श्रद्धा तर बाळगावीच, पण देताना स्वतः संकोच आणि भीतीही बाळगावी. देण्याच्या प्रसंगी लाज घेणाऱ्याला वाटते, हा जगाचा अनुभव. ती देणाऱ्याने वाटून घ्यावी, हा त्या गुरूचा उपदेश. माझ्या प्रतिपादनाचे मूळ शोधावयाचे झाल्यास मी त्या स्थळाकडे बोट दाखवीन.

दुसरा प्रवाह संतांचा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेव शस्त्रांविषयी बोलत बसत नाहीत. अहिंसक मनुष्य पाऊल कसे टाकतो, पाहतो कसा, आणि मुख्यतः बोलतो कसा, याचे दीर्घ वर्णन करतात. अशा माणसाचा स्नेह त्याच्या शब्दाआधी ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेला असतो, आणि कोणाच्या मनाला धक्का लागेल या शंकेने तो बोलणेच आवरतो. बोलण्यातील हिंसा ही हिंसाच होय, हे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये मराठीत सांगून झालेले आहे. वारकऱ्यांनी तोच विचार आचरणात आणून वयाचा व जातीचा मुलाहिजा न ठेवता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवण्याची प्रथा पाडली. आधी कोणी वाकावे, हा जगातील बहुतेक शिष्टाचारांना छळणारा प्रश्न त्या एका प्रथेने निकालात काढला. समर्थ रामदासांची पद्धत याहून निराळी. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप केलेल्या या पुरुषाची नजर व्यवहारावर होती, आणि दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खलक्षणे व उत्तम लक्षणे यांच्या ज्या याद्या दिल्या आहेत, त्यांतील कित्येक कलमे आजच्या कोणत्याही बैठकीला लागू पडतात. दोघांचे बोलणे चालू असता तिसऱ्याने मध्ये जाऊन बसणे, आपलीच स्तुती आपण करणे, यांची नोंद तेथे आहे. समर्थांनी काय टाळावे हे अत्यंत नेमके सांगितले. टाळूनही प्रसंग अंगावर आलाच तर तो कसा निभवावा, याचा विस्तार मात्र त्यांना अभिप्रेत नव्हता.

तो विस्तार तिसऱ्या प्रवाहात, म्हणजे दरबारी व दफ्तरी रिवाजात आढळतो. फार्सी अदबीचे ग्रंथ, ज्यांत इराणच्या उत्तरेकडील एका राजाने आपल्या मुलासाठी १०८२ च्या सुमारास लिहिलेला 'काबूसनामा' अग्रगण्य आहे, आतिथ्य, थट्टा, कर्ज, मैत्री अशा नित्याच्या व्यवहारांत वाकबगार कसे व्हावे हे सांगतात, आणि दख्खनच्या दरबारांमधून त्या अदबीचा संस्कार मराठी मुत्सद्द्यांवर झाला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी शब्द बदलण्याचा यत्न केला, पण रीत बरीचशी कायम राहिली. त्या रीतीतील दोन गोष्टींचे मला फार अप्रूप वाटते. पहिली निरोपाच्या विड्याची. आलेल्या माणसाला 'आता निघा' म्हणणे कोणत्याही भाषेत कठीण. दरबाराने त्यासाठी अत्तर-गुलाब आणि विडा यांची तजवीज केली, आणि विडा पुढे आला की भेट संपली हे दोन्ही पक्षांना न बोलता समजले. उठावयास सांगण्याचा कठोरपणा सन्मानाच्या वस्तूत लपविण्याची ही युक्ती अत्यंत सुसंस्कृत आहे. दुसरी पत्रांच्या मायन्यांची. तीर्थरूप, राजश्री, चिरंजीव अशा पायऱ्या आज आपल्याला अवजड वाटतात, परंतु रागाचे वा तगाद्याचे पत्र लिहितानादेखील आरंभी नमस्कार आणि शेवटी लोभाची विनंती लिहावीच लागे, आणि त्या सक्तीमुळे संतापलेल्या लेखकाला दोन क्षण थांबणे भाग पडे. हीच समज पुढे टपालाच्या काळात सामान्य माणसानेही जपली. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे. तो फाटका कोपरा दिसताच घरातील जाणते माणूस पत्र हातात घेई, घरातील म्हाताऱ्या माणसाला आधी बसवी, आणि मग वाची. शुभवार्तेच्या पत्राला कुंकवाची बोटे, अशुभाच्या पत्राला फाटका कोपरा : मजकुराआधी मनाची तयारी पोचविणारी ही व्यवस्था कोणा पंडिताने योजलेली नव्हती, ती लोकांची होती.

चौथा प्रवाह सुधारकांचा, आणि त्याच्याजवळ थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण शिष्टाचार आणि न्याय यांची गाठ प्रथम तेथे पडली. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच्या विवाहविधीत वधूवरांनी परस्परांना स्वतः वचने द्यावीत अशी योजना केली. १८८८ मध्ये निघालेल्या 'सुधारक' पत्रातून आगरकरांनी पोशाखापासून शोकाच्या चालींपर्यंत रोजच्या गोष्टींना कारण विचारावयास शिकविले. मात्र अवघड प्रसंग म्हणजे काय, याचा त्या काळातील सर्वांत बोलका दाखला १८९० चा आहे. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे ठेवली. रानडे आणि टिळक दोघेही त्या मंडळींत होते. पुढे आलेला पेला नाकारावा तर यजमानाचा अवमान, प्यावा तर जातीचा रोष. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हातात घेतला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि एका पेल्याच्या चहाने पुण्याचा समाज दीर्घकाळ ढवळून निघाला. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या प्रकरणाचा उल्लेख केला आहे. मित्रांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून न्यायमूर्तींनी अखेर प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. हा निर्णय तत्त्वाच्या दृष्टीने योग्य होता की नाही, यावर मतभेद राहतीलच. माझे मत असे की, तत्त्व म्हणून त्यांनी तो मुद्दा सोडावयास नको होता. परंतु ज्यांना घरातून जाच होता त्यांचा संकोच स्वतःची प्रतिष्ठा खर्ची घालून आपल्या अंगावर घेण्याची त्यांची वृत्ती ही उच्च कोटीची शिष्टता होती, आणि या दोन गोष्टी एकाच कृतीत असू शकतात हे मान्य केल्याशिवाय या विषयात पुढे सरकता येत नाही.

त्या पेल्याची दुसरी बाजू आमच्या जिल्ह्याने अधिक जवळून पाहिली आहे. चहाच्या दुकानात काही ग्राहकांसाठी वेगळ्या कपबशा ठेवण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती, आणि ती चालविणारे लोक स्वतःला मोठे रीतीचे समजत. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा समाजाच्या एका मोठ्या भागाला तो बेअदबीचा वाटला. दाराशी शांतपणे उभे राहून आत जाऊ द्या म्हणणारा बेअदब, आणि दार लावून घेणारा सभ्य, असा तो हिशेब होता. याचसाठी माझा आग्रह असा आहे की, कोणत्याही रीतीचा विचार करताना 'तिच्यामुळे कोण ओशाळते?' हा प्रश्न प्रथम विचारावा. याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले. मराठी घरांनी ते पुस्तक संस्कारांचे म्हणून वाचले. त्यातील आईची शिकवण दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची आहे, हे तितक्याच आवर्जून वाचावयास हवे.

पश्चिमेकडील विचाराचा संक्षेपाने उल्लेख करतो. १५२८ मध्ये कास्तिलिओनेने दरबारी पुरुषाविषयी आणि १५३० मध्ये इरॅस्मसने मुलांच्या सभ्यतेविषयी लिहिलेली पुस्तके युरोपभर वाचली गेली. अमेरिकेत १९२२ साली एमिली पोस्ट यांच्या ग्रंथाने मध्यमवर्गाला वागण्याचा कोशच हाती दिला. शास्त्रीय विचाराची सुरुवात मात्र एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५५-५६ मध्ये लिहिलेल्या निबंधांपासून धरावी. संकोच हा व्यक्तीचा दुर्गुण नसून बैठकीतल्या सर्वांनी मिळून सांभाळलेली अब्रू उघडी पडल्याची खूण आहे, हे त्याने दाखविले. त्याच्या मागोमाग १९७८ मध्ये पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तमिळ खेड्यातील, मेक्सिकोतील आदिवासींच्या आणि इंग्रजी संभाषणांचा तौलनिक अभ्यास करून, विनंती करताना वा नकार देताना सर्वत्र माणसे दोन गोष्टी जपतात असे मांडले : समोरच्याला आपण हवेसे आहोत हे वाटणे, आणि त्याच्यावर जबरदस्ती न होणे. सिद्धान्त उपयोगी आहे. परंतु तो दोन व्यक्तींच्या बोलण्यावर उभा आहे, आणि आमच्या बैठकीत बोलणारे दोघे असले तरी ऐकणारे चाळीस असतात; कांद्याच्या लिलावात शेजारच्या ट्रॅक्टरपेक्षा आपल्या मालाला भाव कमी निघाला असता 'काय भाव गेला?' या प्रश्नाला 'बरा गेला' एवढेच उत्तर देणारा शेतकरी, त्या चाळिसांपुढे आपली आणि आपल्या घराची पत राखत असतो. त्याला आकडा पुन्हा विचारू नये.

हा विषय आजच का मांडावा, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. फाटक्या कोपऱ्याची जागा आता मोबाइलने घेतली आहे. मयताचा फोटो, त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि तो संदेश सासरी असलेल्या मुलीच्या हातात तिच्या भावाचा फोन पोचण्यापूर्वी येऊन पडतो. पाठविणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वार्ता कोणी कोणाला आधी सांगावी याचा दंडक नव्या साधनासाठी कोणी घालून दिलेला नाही, एवढेच. लग्नाचे निमंत्रण शंभर जणांच्या गटावर एकदाच टाकले जाते, आणि ज्याला पूर्वी अक्षता घेऊन घरी जाऊन बोलावीत तो चुलता 'मला बोलावणे आले की नाही' या संभ्रमात राहतो. शेती करणाऱ्या मुलांची लग्ने जमेनाशी झाली आहेत, आणि त्यांच्या आयांना प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला तोच प्रश्न ऐकावा लागतो. शिकून नोकरीला लागलेल्या मुली आणि त्यांच्या घरची वडीलमंडळी यांच्यात पगार, वेळ, पेहराव यांबद्दलच्या बोलण्याची नवी भाषा अजून घडावयाची आहे.

या सर्वांहून मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो हळदीकुंकवाचा प्रसंग. घरात विधवा सून किंवा जाऊ आहे, ओसरीवर बाया जमल्या आहेत, आणि ती आत चहाच्या भांड्याशी उभी आहे. तिला बाहेर बोलवावे तर कोणाची तरी भुवई चढेल, न बोलवावे तर तिच्या काळजाला चरा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांना अपमानित करणाऱ्या चाली बंद केल्या, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव कागदावर होतो. ओसरीवर तो अमलात आणण्याची जबाबदारी यजमानीण बाईची. तिने सर्वांत आधी आपल्या जावेच्या कपाळी कुंकू लावावे, आणि तेही जाहीर भाषण न करता, नेहमीच्या क्रमाचाच भाग असल्याप्रमाणे लावावे. चढलेल्या भुवईची झळ मग यजमानीण बाईकडे वळते, आणि तिने ती सोसावी. घर तिचे आहे, बैठक तिने बोलावलेली आहे. तिची बाजू भक्कम आहे.

अशा प्रसंगांत शौर्याइतकेच कौशल्यही लागते, आणि ते बहुधा फार साध्या स्वरूपात प्रकट होते. डोंगरातील घरी पाहुणा गेला की पुष्कळदा कोरा चहा पुढे येतो, आणि तो देताना घरची बाई दूध नसल्याबद्दल अर्धवट काहीतरी पुटपुटते. पाहुण्याने 'असू द्या, चालेल' म्हटले तरी त्यात उणीव पत्करल्याचा स्वर राहतोच. जाणता पाहुणा चहाबद्दल काहीच म्हणत नाही. तो पितो, आणि कप खाली ठेवताना आणखी घोटभर मागतो.

आता प्रस्तुत पुस्तकात काय करण्याचा यत्न आहे, ते सांगतो. हे नियमांचे पुस्तक नाही, आणि प्रत्येक प्रसंगी उच्चारण्याची वाक्ये पाठ करावयास देण्याचाही त्यात उद्देश नाही; एका घरात शोभणारे वाक्य दुसऱ्या घरात टोचते. येथे प्रसंग घेतले आहेत ते दुःखाच्या घरचे, लग्नकार्यातले, देण्याघेण्याचे, कचेरीतले, दवाखान्यातले, प्रवासातले आणि भाऊबंदकीतले. प्रत्येक ठिकाणी ओशाळलेला पक्ष कोणता, भक्कम पक्ष कोणता, आणि दुसऱ्याने पहिल्याचा संकोच कोणत्या उपायाने हलका केला किंवा करता आला असता, याची चर्चा केली आहे. नकार कसा द्यावा आणि चुकीची कबुली कशी द्यावी, या दोन विषयांना मी मुद्दाम अधिक पाने दिली. आमच्या भागात तोंडावर नाही म्हणण्याऐवजी 'बघू' म्हणण्याची सवय आहे, आणि त्या एका शब्दावर विसंबून गरजू माणूस महिनोन् महिने खेपा घालतो. दुसऱ्याच्या भिडेपोटी दिलेली अशी आशा ही मला स्पष्ट नकाराहून अधिक निष्ठुर वाटते, आणि या बाबतीत रूढ सौजन्याच्या विरुद्ध मत देण्यास मी कचरलेलो नाही.

एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. सौजन्याने सर्व प्रसंग निभावता येत नाहीत. जात पंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले असेल, तर त्याचा उपाय गोड बोलण्यात नाही. त्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आहे आणि त्याचाच आश्रय घेतला पाहिजे. बाईच्या अंगावर हात टाकला गेला असता 'घरातली गोष्ट घरात राहू द्या' म्हणणारा शिष्टाचार मला ठाऊक नाही आणि या पुस्तकात तो नाही.

प्रसंग सांगताना माणसांची नावे, गावे आणि नाती बदलली आहेत, किंवा दोन घटनांची एक केली आहे, जेणेकरून कोणाही कुटुंबाला आपली ओळख पटून खंत वाटू नये. रिवाजांचे वर्णन मुख्यतः कसमादे भागातले आहे. कोकण, वऱ्हाड, मराठवाडा येथील वाचकांना त्यांत फरक जाणवेल, आणि ज्यांच्या समाजात तीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते त्यांनी ती अवश्य लिहून कळवावी. विशेषतः बैठकीत ज्यांना आत थांबावे लागते, ज्यांचे नाव पुकारण्यात राहून जाते, ज्यांना कचेरीच्या दाराशी उभे राहावे लागते, त्यांनी आपला अनुभव कळविण्यास संकोचू नये. पुढील आवृत्तीत त्यांच्या दुरुस्त्या सर्वांत आधी दाखल होतील.

कळवण (जि. नाशिक)